पांढरी पाच आणि दोन गांधार

माझ्या गुरुजींची पेटी जुनी होती. तिच्या पांढऱ्या पट्ट्यांवरचा चकाकता थर पुष्कळ ठिकाणी झिजला होता आणि पांढरी पाच दाबली की आवाजाच्या आधी लाकडाचा एक हलका 'टक्' ऐकू यायचा. मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेची) पहिली ओळ मी प्रथम वाजवून पाहिली ती याच पेटीवर. ती सिंफनी 'जी मायनर' या पट्टीत आहे, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी पाचचा षड्ज आणि कोमल गांधार. काळी दोन, पांढरी दोन, पांढरी दोन. पुन्हा तेच, तिसऱ्यांदा तेच, आणि मग वर काळी पाचवर उडी. ध प प, ध प प, ध प प ग. धैवत कोमल आणि गांधारही कोमल. तिथून सूर पायऱ्या उतरतो : ग रे सा, सा नी ध, ध प म. उतरताना निषादही कोमल लागतो.

गुरुजींनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "षड्ज कुठे आहे तुमचा?" मी पांढरी पाच दाखवली. ते म्हणाले, "तो तुम्हाला ठाऊक आहे, ऐकणाऱ्याला कुठे दिलात? षड्ज कानात बसल्याशिवाय तो धैवत कोमल आहे हे कळणार कसे?"

त्या दिवशी मला हा प्रश्न परंपरेच्या आग्रहातून आलेला वाटला होता. घरी येऊन पुन्हा ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा वर्षानुवर्षे ऐकूनही न ऐकलेली एक गोष्ट पहिल्यांदा कानात शिरली. ही सिंफनी सुरांच्या त्या प्रसिद्ध ओळीने सुरूच होत नाही. ओळीच्या आधी व्हायोलांचे (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्यांचे) दोन गट एक हलकी, अस्वस्थ लय धरतात. त्या लयीत षड्ज आणि कोमल गांधार असतात, खालून चेलो आणि बास षड्ज देतात, आणि एवढे झाल्यावरच व्हायोलिने धैवतावर येतात. हे सगळे क्षणार्धात घडते. तंबोरा आधी आणि गाणे नंतर, हा क्रम १७८८ सालच्या व्हिएन्नात बसलेल्या माणसाने आपल्या पद्धतीने पाळलेला आहे. गुरुजींनी मागितलेला षड्ज त्या कागदावर होता. माझ्या पेटीवर तो नव्हता.

तेव्हापासून मी जी मायनरमधल्या सिंफनींकडे याच प्रश्नाच्या अंगाने पाहत आलो आहे. आपल्याकडे षड्ज गळ्याच्या सोयीने ठरतो. काळी एकमध्ये गायलेला राग काळी चारमध्ये गायला तरी तोच राग राहतो. म्हणून एका विशिष्ट पट्टीतल्या रचनांना एकत्र ठेवून त्यांचे काही वेगळे नाते सांगावे, ही कल्पना आपल्या कानाला सुरुवातीला परकी वाटते. अमुक पट्टी करुण आणि तमुक पट्टी प्रसन्न, असे सांगणारी पुस्तके युरोपात अठराव्या शतकात लिहिली गेली. त्यांतल्या वर्णनांवर माझा फारसा विश्वास नाही. शिवाय त्या काळची स्वरांची उंची आजच्यापेक्षा सहसा थोडी उतरलेली होती, त्यामुळे मोझार्टची पांढरी पाच आणि माझी पांढरी पाच तंतोतंत एक नव्हेत. परंतु पट्टीला वाद्यांच्या बाजूने अर्थ होता आणि तो अगदी सुताराच्या आणि तांबटाच्या कामाइतका ठोस होता. जी हा व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर. म्हणजे या पट्टीत षड्ज मोकळ्या तारेवर मिळतो. पण खरी अडचण, आणि खरी गंमतही, हॉर्नची आहे.

आजच्या फ्रेंच हॉर्नला झडपा असतात आणि त्यावर सगळे स्वर वाजतात. झडपांचा शोध एकोणिसाव्या शतकातला. मोझार्ट आणि त्याचा वडीलधारा समकालीन संगीतकार हायडन यांच्या वेळचा हॉर्न ही केवळ पितळेची एक लांब, गुंडाळलेली नळी होती. तिला वेगवेगळ्या लांबीची वेटोळी जोडून षड्ज बदलता येई, पण एकदा वेटोळे बसवले की ती नळी निसर्गतः देईल तेवढेच स्वर वादकाच्या ओठांना मिळत. ते स्वर कोणते? आपल्याकडे ज्याने जुळलेल्या तंबोऱ्याजवळ शांतपणे कान लावला आहे त्याला ते आधीच ठाऊक आहेत. षड्ज, पंचम, वरचा षड्ज, आणि मग खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडता उमटणारा तो गांधार, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तंबोऱ्याची तार आणि हॉर्नमधली हवा एकाच नियमाने कंप पावतात. म्हणून हॉर्नच्या नळीतही षड्जापाठोपाठ पंचम येतो, गांधार येतो, वर रिषभ येतो. आणि तो गांधार शुद्ध असतो. कोमल गांधार त्या नळीत नाही.

मायनर पट्टीचा प्राणच कोमल गांधार आहे, आणि तो हॉर्नकडे नाही. नळीच्या तोंडात हात घालून काही मधले स्वर काढण्याची युक्ती त्या काळी वादकांना अवगत होती, पण तसे काढलेले स्वर दबके निघत. वाद्यवृंदाला भरीवपणा हवा असे तेव्हा संगीतकार खुल्या स्वरांवरच भिस्त ठेवत. अशा वेळी मायनरमध्ये सिंफनी लिहायची म्हणजे ऐन भावनेच्या जागी हॉर्नवादकाला गप्प बसवायचे किंवा त्याच्याकडून फक्त षड्ज-पंचम घ्यायचे. हायडनच्या क्रमांकित १०४ सिंफनींपैकी मायनर पट्टीतल्या डझनभरही नाहीत, आणि मोझार्टच्या ४१ पैकी केवळ दोन आहेत. त्या दोन्ही जी मायनरमधल्या. या विरळपणाला त्या काळची अभिरुची कारण होतीच, पण वाद्यांचा हा स्वभावही कारण होता असे मला वाटते.

हायडनने १७६०च्या दशकात आपली ३९ क्रमांकाची सिंफनी जी मायनरमध्ये लिहिली, तेव्हा तो एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होता. या रचनेत त्याने नेहमीच्या दोन हॉर्नऐवजी चार घेतले : दोन जीमध्ये आणि दोन बी फ्लॅटमध्ये. बी फ्लॅट म्हणजे पेटीवरची काळी पाच, म्हणजेच जी मायनरचा कोमल गांधार. जो स्वर नळीत नव्हता, त्याच स्वराला त्याने दुसऱ्या जोडीचा षड्ज केले! मग हिशोब असा होतो. पहिली जोडी मूळ षड्ज, रिषभ आणि पंचम देते. दुसऱ्या जोडीचा षड्ज म्हणजे आपला कोमल गांधार, तिचा रिषभ म्हणजे आपला मध्यम, तिचा गांधार म्हणजे आपला पंचम आणि तिचा पंचम म्हणजे आपला कोमल निषाद. दोन अपुऱ्या नळ्या एकमेकींत गुंतवून त्याने मायनरचे जवळजवळ सगळे सप्तक उभे केले. मी हा हिशोब प्रथम पाठकोऱ्या कागदावर मांडला, तेव्हा गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि "हा माणूस मोठा सुताराच्या डोक्याचा होता" असे म्हणाले. त्यांच्या तोंडी हे मोठे कौतुक होते. त्या सिंफनीची सुरुवातही विलक्षण आहे. मोठा आवाज नाही, गर्जना नाही. हळू आवाजात एक छोटे वाक्य येते आणि थांबते, पुढचे येते आणि पुन्हा थांबते. आपण त्या थांब्यांतच जास्त गुंततो.

मोझार्ट सतरा वर्षांचा असताना, १७७३च्या उन्हाळ्यात, वडिलांबरोबर व्हिएन्नाला जाऊन आला आणि परतल्यावर साल्झबुर्गमध्ये ५ ऑक्टोबरला त्याने आपली जी मायनरमधली पहिली सिंफनी पूर्ण केली. आज तिला पंचविसावी म्हणतात. तिच्यातही चार हॉर्न आहेत, दोन जीमध्ये आणि दोन बी फ्लॅटमध्ये. ही योजना त्याने हायडनकडून घेतली असे अभ्यासक सामान्यतः मानतात आणि दोन्ही रचना एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला ते सहज पटते. पण आवाज मात्र वेगळा. हायडन थबकत बोलतो, तर हा मुलगा दार ढकलून आत येतो. व्हायोलिने ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे अडखळत धावत असतात आणि त्यांच्यावर ओबो हे फुंकवाद्य चार लांब स्वर धरते : सा, प, ध, नी. धैवत कोमल, निषाद शुद्ध, आणि या दोहोंमधले अंतर वर चढून न गाठता एकदम खाली कोसळून गाठलेले. कीरवाणी गाणाऱ्याला हे दोन स्वर शेजारी असण्याचे नवल नाही, पण अशी दरी त्यांच्यामध्ये आपल्याकडे सहसा कोणी ठेवत नाही. मी ती पेटीवर वाजवतो तेव्हा हात पट्ट्यांवरून इतका लांब जातो की पोटात थोडे धस्स होते.

मग पंधरा वर्षांनी, १७८८चा उन्हाळा. त्या उन्हाळ्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी फक्त तारखा ठेवतो. मोझार्ट आपल्या पूर्ण झालेल्या रचनांची वही स्वतःच्या हाताने ठेवत असे. तिच्यात २६ जूनला ई फ्लॅट मेजरमधल्या (मेजर म्हणजे शुद्ध गांधाराची पट्टी) सिंफनीची नोंद आहे, २५ जुलैला जी मायनरमधल्या सिंफनीची आणि १० ऑगस्टला सी मेजरमधल्या सिंफनीची. याच दिवसांत तो मित्र मिखाएल पुखबर्ग याला पैशांसाठी अजिजीची पत्रे लिहीत होता, आणि २९ जूनला त्याची सहा महिन्यांची मुलगी तेरेझिया वारली. लेकीचे दुःख आणि जी मायनर ही सांगड घालायचा मोह कोणालाही होईल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. आता वाटत नाही. कारण त्याच घरात, त्याच आठवड्यांत, त्याच पैशांच्या विवंचनेत सी मेजरमधली ती उत्सवी सिंफनीही लिहिली गेली. एकीच्या मागे दुःख उभे करायचे तर दुसरीच्या मागे काय उभे करणार? माणसावर कोसळलेले दुःख त्याच्या हातून कोणत्या पट्टीत उतरते, हे सांगण्याचा अधिकार दोनशे वर्षांनंतर ऐकणाऱ्या मला नाही. मला त्याचे काम दिसते, आणि काम पाहिले की आदर वाढतच जातो.

उदाहरणार्थ, हॉर्न. या वेळी त्याच्याकडे चार हॉर्न नाहीत, दोनच आहेत. कर्णे नाहीत, नगारे नाहीत. मागच्या-पुढच्या दोन्ही सिंफनींत ते आहेत, या मधल्या सिंफनीत त्याने ते ठेवलेले नाहीत. दोनच हॉर्न असताना कोणीही ते एका पट्टीत घेतले असते. त्याने पहिल्या आणि शेवटच्या भागात एक हॉर्न बी फ्लॅटमध्ये घेतला आणि दुसरा जीमध्ये. शेजारी बसलेले दोन वादक, दोघांच्या नळ्या वेगळ्या, दोघांचे षड्ज वेगळे. एकाकडे नसलेला स्वर दुसऱ्याकडे आहे, आणि दोघे मिळून एका आवाजाचा भास निर्माण करतात. तरीही दोघांच्या सुरेल, खुल्या स्वरांत कोमल धैवत नाहीच. म्हणजे ज्या स्वराने ही सिंफनी बोलायला लागते तो स्वर त्या दोन्ही नळ्यांच्या बाहेरचा आहे. तो तारांनाच म्हणावा लागतो. आजच्या झडपांच्या हॉर्नवर ही सगळी कसरत नाहीशी होते. स्वर सगळे मिळतात, अडचण ऐकू येत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचे एखादे ध्वनिमुद्रण एकदा तरी ऐकावे असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पहिल्या भागात दुसरा विषय (दुसरी मुख्य सुरावट) बी फ्लॅट मेजरमध्ये येतो. तारा आणि फुंकवाद्ये त्याचे तुकडे एकमेकांना देत-घेत गातात. तो गोड आहे आणि आपल्याला वाटते की आता उजेड आला. पुढे हाच विषय परततो तेव्हा तो जी मायनरमध्ये परततो. तेच स्वरवाक्य, तीच देवाणघेवाण, पण गांधार उतरलेला. आपल्याकडे एखादा गवई यमनातली ओळखीची जागा त्याच घाटात कोमल स्वरांनी घेऊन दाखवतो तेव्हा मैफलीत क्षणभर जे होते, तेच इथे होते.

शेवटच्या भागात, पहिला खंड संपून दुसरा सुरू होतो त्या ठिकाणी, सगळा वाद्यवृंद साथ सोडून एका आवाजात तुटक, वेडीवाकडी स्वरवाक्ये फेकतो. ती मोजून पाहणाऱ्यांनी दाखवून दिले आहे की तिथे सप्तकातल्या बारा स्वरांपैकी अकरा येतात, आणि न आलेला एकच स्वर म्हणजे जी. षड्ज! ज्याने व्हायोलांच्या कुजबुजीत आधी षड्ज दिला आणि मगच गायला सुरुवात केली, त्यानेच इथे तो काढून घेतला आहे. मी ही जागा पेटीवर बसवायला आठवडा घेतला. बोटे सगळ्या पट्ट्यांवरून फिरतात आणि पांढरी पाच तेवढी अस्पर्श राहते. गुरुजींनी या वेळी "षड्ज कुठे आहे?" असे विचारले नाही. ते सावरून बसले आणि म्हणाले, "पुन्हा वाजवा."

या सिंफनीची दुसरी प्रतही मोझार्टने केली, तिच्यात क्लॅरिनेट घातले आणि त्यांच्यासाठी ओबोचे काम बदलले. त्याने ही रचना आयुष्यात कधी ऐकलीच नाही अशी दंतकथा सांगतात, पण जे वाजणारच नाही त्यासाठी इतकी बारीक दुरुस्ती कोणी करत बसत नाही. त्याच्या हातची मूळ प्रत पुढे ब्राम्सच्या संग्रही होती आणि आज ती व्हिएन्नातल्या संगीतप्रेमींच्या संस्थेत जपलेली आहे. बेथोव्हेनने याच सिंफनीच्या शेवटच्या भागातले २९ बार (तालाचे छोटे गट) आपल्या कच्च्या वहीत उतरवून घेतले होते, पाचव्या सिंफनीचे काम चालू असताना. शूमनला मात्र या रचनेत शोक दिसला नाही, ग्रीक वळणाची तरंगती डौलदारता दिसली. मी पूर्वी या मतावर रागावत असे. आता वाटते की डौल आणि कोमल गांधार एकत्र नांदू शकतात, ठुमरीत ते रोज नांदतात.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर ही ओळ पहिल्यांदा पडली ती 'छाया' या १९६१च्या हिंदी चित्रपटातून. सलील चौधरी यांनी तिच्यावरून एक द्वंद्वगीत बांधले आणि ते तलत महमूद व लता मंगेशकर यांनी गायले. माझेही तसेच झाले. लहानपणी आकाशवाणीवर ऐकलेल्या त्या गाण्यामुळे सिंफनी प्रथम ऐकताना मला ती ओळखीची वाटली, आणि ही ओळख मला अजूनही मोलाची वाटते. गाण्याने ओळ घेतली, आणि ओळीला जायचे होते तिथे न नेता स्वतःच्या वाटेने नेले. चाल अशीच जगते.

जी मायनरमध्ये सुरू झालेल्या सगळ्याच सिंफनी जी मायनरमध्ये राहत नाहीत. पूर्वी मायनरमधली रचनासुद्धा शेवटच्या क्षणी गांधार चढवून मेजरमध्ये संपवण्याचा रिवाज होता, आणि हॉर्नच्या नळीत व तंबोऱ्याच्या तारेत शुद्ध गांधारच वसत असल्याने त्यात एक नैसर्गिक विसावा आहे हे मान्य केले पाहिजे. हायडनने १७८५ साली पॅरिससाठी लिहिलेली ८३वी सिंफनी जी मायनरमध्ये कडाडून सुरू होते आणि पहिला भाग संपायच्या आतच जी मेजरमध्ये शिरते. चायकोव्हस्कीची १८६६ सालची पहिली सिंफनी बर्फाळ रस्त्यावरच्या स्वप्नात सुरू होऊन जी मेजरच्या जल्लोषात संपते. मोझार्टनेही १७८७च्या जी मायनर पंचकात (पाच तंतुवाद्यांसाठीच्या रचनेत) शेवटी मेजरचाच रस्ता धरला होता, म्हणजे तो रस्ता त्याला ठाऊक नव्हता असे नाही. दोन्ही सिंफनींत मात्र तो शेवटपर्यंत कोमल गांधार सोडत नाही. शुद्ध गांधार आपोआप येतो, कोमल गांधार सांभाळावा लागतो, आणि त्याने तो सांभाळला.

शोस्ताकोविचची १९५७ सालची अकरावी सिंफनी मी फार उशिरा ऐकली. तीही जी मायनरमध्येच आहे. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यासमोर निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, त्याची ती कहाणी आहे. तिच्या अखेरीस धोक्याची घंटा वाजू लागते आणि त्या कल्लोळात मेजर आणि मायनर, शुद्ध गांधार आणि कोमल गांधार, एकमेकांवर आदळत राहतात. जोग राग ऐकलेल्या माणसाला दोन गांधारांची सवय असते; पण जोगमध्ये ते एकमेकांना वाट करून देतात, इथे देत नाहीत.

गुरुजींकडे शेवटचा गेलो तेव्हा त्यांना बसवत नव्हते. त्यांनी तंबोरा पांढरी पाचमध्ये लावायला सांगितला आणि शेजारच्या मुलीला छेडायला बसवले. मी पेटीवर सिंफनीचा शेवट वाजवला आणि अखेरचे तीन स्वर, पांढरी पाच, काळी पाच, पांढरी दोन, एकत्र धरून ठेवले. गुरुजींनी हाताने खूण केली की सोडू नका. भात्यातली हवा हळूहळू संपत गेली आणि माझा कोमल गांधार विझत गेला, तेव्हा त्याच्या खालून तंबोऱ्यातला दुसरा गांधार, कोणीही न वाजवलेला, वर येताना ऐकू आला. मुलगी तारा छेडत राहिली.